उकळी येईपर्यंत

तुमच्या घरात तान्ह्या बाळाची दुधाची बाटली किती महिने उकळायची, हे कोणी ठरवलं? आणि ती उकळली कोणी? दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकच माणूस असेल, तर हे पान उलटून पुढे जायला माझी हरकत नाही. नसेल, तर बसा.

आमच्या घरात हे ठरवलं एका निवृत्त कंपाउंडरांनी. ते आमचे नातेवाईक नव्हते. डॉक्टर नव्हते. ते आमचे घरमालक होते, आणि घरमालकाला भाडेकरूच्या चुलीवर काय उकळतंय हे बघण्याचा जन्मसिद्ध हक्क आहे अशी त्यांची समजूत होती. पांढरकवड्याला, हैदराबादेकडे जाणाऱ्या सडकेच्या अलीकडे त्यांचं घर होतं. पुढच्या दोन खोल्यांत दादा, वहिनी आणि मी. मागच्या दोन खोल्यांत कंपाउंडर आणि काकू. मधे अंगण, आणि अंगणाच्या एका कडेला आमची चूल, दुसऱ्या कडेला त्यांची.

माणसं रस्त्यात भेटली की रामराम करतात. कंपाउंडर विचारायचे, "उकयलं काय?" आमच्या बोलीत ळ चा य होतो, हे वऱ्हाडाबाहेरच्या वाचकांसाठी सांगते. पाणी उकळलं का, असा त्याचा अर्थ. समोर तहसीलदार असो की ट्रकचा क्लीनर, प्रश्न तोच. लोकही "उकयलं, उकयलं" म्हणत पुढे जायचे. कोणीही काहीही उकळत नव्हतं. पण रामराम म्हणणारा तरी कुठे रामाला विचारून म्हणतो?

जंतूंशी त्यांचं जुनं वैर होतं. लग्नाला गेले तर घरून गडवाभर उकळलेलं पाणी न्यायचे, तोंडाला फडकं बांधून. पंगतीत बसायचे नाहीत. आचाऱ्याच्या शेजारी पाट टाकून बसायचे आणि कढईतून निघालेली वस्तू थेट पानात घ्यायचे. नवे पैसे निघाले तेव्हा पहिली मूठभर नाणी त्यांनी गंजात टाकली. आमच्याकडे खोलगट पातेल्याला गंज म्हणतात. "कोनाकोनाच्या हाताचे आले, कोनाले माहीत," ते म्हणाले. काकूंनी चूल पेटवली, नाणी उकळली, पाणी ओतलं आणि गंज घासला. त्या काळात आमचा जिल्हा जागचा न हलता एका राज्यातून दुसऱ्यात गेला आणि दुसऱ्यातून तिसऱ्यात. दादा ओट्यावर बसून त्यावर तासन्तास बोलायचा. कंपाउंडर म्हणायचे, "मास्तर, सरकार बदललं म्हणून जंतू बदलते काय?"

त्यांनी कवळी केली होती. नागपूरहून नवीकोरी आणली आणि पहिल्याच दिवशी उकळली. ती वाकडी झाली. तेव्हापासून ती जेवणापुरती तोंडात आणि एरवी कोनाड्यात असायची. त्यामुळे त्यांची बहुतेक व्याख्यानं मी बोळक्या तोंडातून ऐकली. गाल आत, हनुवटी पुढे, आणि शब्दांबरोबर थोडा तंबाखूचा वास. हो, तंबाखू ते खायचे, चुना लावून, सकाळपासून. वहिनीने एकदा विचारलं की काका, त्यात जंतू नसतात का?

"तंबाखूत जंतू जगत नाही," ते म्हणाले. "आन् जगला, तं त्याले मी मानतो."

दादा त्यांचा पट्टशिष्य होता. तो हायस्कुलात मास्तर, आणि उरलेल्या वेळात पत्रकं लिहायचा. हुंडा घेऊ नका. दारू पिऊ नका. पाणी उकळून प्या. स्त्रियांनी शिकलेच पाहिजे. यवतमाळच्या एका छापखान्यातून गठ्ठे यायचे आणि आमच्या घरात ढीग व्हायचे. आई-वडील लवकर गेल्यामुळे मी दादाकडेच वाढले, म्हणजे पत्रकांवरच वाढले. मी अक्षरं जुळवून वाचलेलं पहिलं वाक्य होतं "मातांनो आणि भगिनींनो". दादाचं प्रत्येक पत्रक तसंच सुरू व्हायचं. पुढे माता आणि भगिनींना काय काय करायचं आहे याची यादी असायची. बंधूंसाठी पत्रक त्याने कधी काढलं नाही. बंधूंना सगळं येत असावं.

वहिनीला मुलगी झाली. बाळंतपणानंतर तिच्या छातीत गळू झालं, ते चिरावं लागलं, ताप हटेना, आणि दूध गेलं. बाटली आली ती अशी. होडीच्या आकाराची, काचेची, दोन्ही टोकांना रबर. कंपाउंडरांनी स्वतः दोन बाटल्या आणून दिल्या आणि अंगणात उभं राहून विधी सांगितला. बाटली सोड्याने घासायची. निपल उलटं करून घासायचं. मग गंजात बुडवून उकळायचं, आणि उकळी आल्यावर तीन आरत्या होईपर्यंत उतरवायचं नाही.

"गणपतीची, देवीची, शंकराची," ते म्हणाले. "सावकाश. लग्नघाई नाही पायजे."

बाटली हाताने बाहेर काढायची नाही. चिमट्याने काढायची. चिमटाही उकळलेला पाहिजे. मग चिमटा कशाने काढायचा, असं मी विचारलं, तेव्हा ते तडक आत गेले आणि त्या दिवशी जेवले नाहीत, असं काकूंनी नंतर सांगितलं.

त्यानंतर आमच्या अंगणात दिवसभर आरत्या सुरू झाल्या. बाळ भुकेने किंचाळतंय, वहिनी ओल्या लाकडांत फुंकणी घालतेय, धुराने तिचं नाक वाहतंय, आणि ती त्या नाकातून देवीची आरती म्हणतेय. घाई केली की पलीकडच्या खोलीतून भिंतीवर काठीचे ठोके पडायचे. "शंकर राह्यला, बाई."

संध्याकाळी ओट्यावर दादा आणि कंपाउंडर बसायचे. जंतू डोळ्याला दिसत नाही, म्हणून तो नाही असं म्हणता येत नाही, असं कंपाउंडर म्हणायचे. दादा म्हणायचा, हे फार मोलाचं आहे, पत्रकात घेतो. आत वहिनी पुढच्या बाटलीसाठी लाकडं फोडत असायची. ती माणसं वाईट नव्हती, हे सांगायला हवं. गल्लीत हगवणीने पोरं जायची, आणि आमच्या पोरीला एकदाही जुलाब झाला नाही. जंतू खरे होते. फक्त त्यांच्याशी लढायला दोन सेनापती ओट्यावर होते आणि सगळं सैन्य एकटी वहिनी होती.

तिला जायचं होतं. मुख्य गोष्ट ही. लग्नाआधी बोरी अरबला माहेरी असताना ती सातवीची फायनल चांगल्या मार्कांनी पास झाली होती, आणि लग्नानंतर प्राथमिक शिक्षिकांच्या ट्रेनिंगसाठी तिने अर्ज केला होता. पावसाळा सुरू झाल्यावर बोलावणं आलं. यवतमाळला, बायकांच्या वसतिगृहात राहून. यंदा हजर झाली नाही तर जागा दुसरीला. बाळ तेव्हा नुकतं बसायला लागलं होतं. वसतिगृहात बाळ चालत नव्हतं.

ती त्या संध्याकाळी दारात येऊन उभी राहिली. हात राखेने माखलेले. ओट्यावर सभा भरलेलीच होती. काकू पायरीवर सुपात तुरीची डाळ निवडत होत्या.

"हे बाटली उकळणं कधी बंद करायचं?" तिने विचारलं.

"तत्त्वतः पाहिलं तर..." दादा म्हणाला.

"तत्त्वतः राहू द्या. महिना सांगा."

दादाने आतून पत्रक आणलं. पत्रकात 'योग्य काळपर्यंत' असं छापलं होतं. ते त्यानेच लिहिलं होतं, पण आता तो ते असं वाचत होता जणू दुसऱ्या कोणीतरी त्याला फसवलं आहे.

कंपाउंडरांनी तंबाखू गालात सरकवली. "पोरगी सोता इचारन, की पानी उकयलं काय, तवा बंद करा."

"म्हणजे बोलायला लागेपर्यंत?"

"बोलून काय होते? बोलते तं सारेच. तिनं इचारलं पायजे."

"तोवर माझी जागा राहील का, काका?"

"जागा पुढच्या साली भेटन," ते म्हणाले. "पोरगी भेटते काय?"

मी म्हणाले, मी उकळते. मला येतं. वहिनी माझ्याकडे वळली आणि मला वाटलं ती बरं म्हणेल. ती म्हणाली, "तू शाळेत जायचं. मी सुटावं म्हणून तुला तिथं बसवायचं असेल, तर मी जातच नाही." आणि दादाकडे बघून म्हणाली, "हे पण तत्त्वतःच सांगते."

मग सगळ्यांची नजर काकूंकडे गेली. जाणारच. घरात काही उकळायचं असलं की तिकडेच जायची.

काकूंनी सूप खाली ठेवलं. "मी नाई," त्या म्हणाल्या. "माह्ये डोये पाहा. लगन झालं तवापासून याइचं उकयून राह्यली. पानी उकयलं, भांडे उकयले, पैसे उकयले, दात बी उकयले. आता ज्याले हौस हाय त्यानं उकयावं."

"मानूस चुलीपाशी बसन काय?" कंपाउंडर म्हणाले.

"काहून? दवाखान्यात तं तुमीच उकयत होते म्हनता ना?"

"मंग? सुया, चिमटे, सारं मीच..."

"चपराशी उकयत होता," काकू म्हणाल्या. "तुमी दारातून 'उकयलं काय' इचारत होते."

कंपाउंडर उठले. आत गेले. आम्हाला वाटलं आता दोन दिवस जेवणार नाहीत. ते कवळी लावून बाहेर आले. गंभीर प्रसंगी ते कवळी लावायचे.

"ठीक हाय," ते म्हणाले. "मी उकयतो. जाय तू, बाई."

"आन् आरत्या बी तुमीच म्हना," काकू म्हणाल्या आणि डाळ निवडायला लागल्या.

वहिनी सकाळच्या मोटारीने गेली. मी बाळाला कडेवर घेऊन उभी होते, दादा ट्रंक टपावर चढवत होता. कंपाउंडर स्टँडवर आले नाहीत, कारण ते चुलीपाशी होते. मोटार सुटली तरी वहिनी खिडकीतून ओरडत होती की निपल उलटं करून घासायला सांग, आतल्या बाजूला साय बसते. त्या दिवशी यवतमाळपर्यंतच्या सगळ्या उतारूंना बाटली धुण्याचं शिक्षण फुकटात मिळालं. पदराने डोळे पुसायला तिला वेळ झाला नाही.

घरी आले तर अंगण धुराने भरलं होतं. धुरात कुठेतरी कंपाउंडर खोकत होते. लाकडं ओली होती. रॉकेल त्यांना मंजूर नव्हतं, कारण बाटलीला वास लागतो, असं त्यांनीच वहिनीला बजावलं होतं. शेवटी त्यांनी दादाच्या पत्रकांचा एक गठ्ठा ओढला. 'स्त्रियांनी शिकलेच पाहिजे' फार छान पेटलं. वहिनीच्या शिक्षणाला दादाच्या लिखाणाची झालेली ती पहिली प्रत्यक्ष मदत.

गल्लीत बातमी पसरायला उकळीइतकाही वेळ लागला नाही. बायका कुंपणाशी येऊन उभ्या राहायच्या. कोणी विस्तव मागायला, कोणी चाळणी परत करायला, कोणी नुसतीच. "कंपाउंडरसाहेब," एक म्हणायची, "उकयलं काय?"

"येऊन राह्यली उकयी," ते फुंकणीतून मान वर काढून म्हणायचे. "तुमी आपलं काम करा."

"आमी तं करूनच आलो."

मला ते दृश्य अजून आवडतं. उकिडवं बसलेला, बनियन घातलेला, टक्कल घामाने चमकणारा म्हातारा, आणि गंजात होडीसारख्या दोन बाटल्या. सुरुवातीला त्यांनी तिन्ही आरत्या म्हटल्या, प्रत्येक शब्द दाबून. मग पाय दुखायला लागले. मग बाळ रडायला लागलं, आणि भुकेचं रडणं भिंतीपलीकडून ऐकणं वेगळं आणि चुलीपाशी बसून ऐकणं वेगळं, हे त्यांना कळलं. मग गणपतीची आरती जरा जलद झाली. मग देवी गळाली. "देवी समजून घेते," ते मला म्हणाले. शंकराचं तर नावच नाही. भाद्रपदात, ऐन गणपतीच्या दिवसांत, गणपतीचंही पहिलंच कडवं उरलं.

पलीकडच्या खोलीतून भिंतीवर काठीचे ठोके पडले. "शंकर राह्यला, वो," काकू म्हणाल्या.

ओट्यावरची व्याख्यानंही बदलली. दादा जंतूंविषयी काही काढायला गेला की ते म्हणायचे, "मास्तर, पत्रकात लिहा, वली लाकडं घेऊ नये. आन् हे बी लिहा, का पाट जरा उच्चा पायजे. गुडघ्याची पार वाट लागते." दादाने ते लिहिलं नाही. त्याला तो विषय क्षुल्लक वाटला.

मी शाळेतून येईपर्यंत बाळ त्यांच्याजवळच असायचं. त्यांच्या काठीवर, किल्ल्यांवर, काकूंच्या सुपावर तिचा हक्क झाला. ती रांगायला लागली. वहिनीची पत्रं यायची, त्यात दर वेळी तोच एक प्रश्न असायचा, आणि दादा उत्तर द्यायचा की सर्व व्यवस्थित उकळत आहे.

दिवाळीची सुट्टी लागली आणि वहिनी कळवलं होतं त्याच्या आदल्या दिवशीच आली. दुपारची मोटार. मी अंगणात गोवऱ्या लावत होते. तिने दारातच ट्रंक ठेवली, मला खूण केली की बोलू नकोस, आणि अलगद चुलीकडे गेली. तिला मुलीला चकित करायचं होतं.

चुलीपाशी कंपाउंडर पाटावर बसले होते. बाळ मांडीवर. कवळी कोनाड्यात. त्यांनी डोळे मिटले होते, गाल आत ओढले होते, आणि बाटलीचं निपल त्यांच्या तोंडात होतं. चांगले दोन घोट त्यांनी ओढले. जिभेवर घोळवले. बाळ त्यांच्या तोंडाकडे बघत स्वतःचं तोंड उघडत होतं, मिटत होतं. दोघांची तोंडं सारखीच दिसत होती. मग त्यांनी मान हलवली, निपल स्वतःच्या तोंडातून काढलं आणि तिच्या तोंडात दिलं.

"काका," वहिनी म्हणाली. "हे काय करता?"

त्यांनी डोळे उघडले. घाबरले नाहीत. "आली काय बाई? पाहून राह्यलो."

"काय पाहता?"

"गरम तं नाई. आंबलं तं नाई."

"रोज?"

"मंग? हर टायमाले. एक डाव बी चुकलो नाही." त्यांना वाटलं शाबासकी मिळते आहे.

"म्हणजे बाटली उकळून झाल्यावर?"

"उकयल्यावरच ना," ते म्हणाले. "उकयल्याबिगर मी तोंडात घालतो काय? कोनाले माहीत, काय जंतू असतीन तिच्यावर."

वहिनी खाली बसली. बाळाच्या तोंडातलं निपल तिने हळूच काढून घेतलं आणि उजेडात धरलं. त्याच्या कडेला तंबाखूचा बारीक तपकिरी कण होता. तिने तो बोटाने काढला आणि कंपाउंडरांना दाखवला. त्यांनी तो पाहिला. मग बाटलीकडे पाहिलं. मग गंजाकडे, चुलीकडे, चिमट्याकडे.

"मी परत जात नाही," वहिनी म्हणाली. आवाज चढला नव्हता. तिने ट्रंक आत नेली आणि साड्या काढून खुंटीवर टाकायला लागली. मी तिच्या मागे गेले. परीक्षेत तिचा वर्गात वरचा नंबर आला होता, ते पत्रातून आम्हाला कळलं होतं. मी ते बोलून दाखवलं. तिने ऐकलं नाही. ती म्हणाली, "दोन घरांतली चार माणसं मिळून एक बाटली सांभाळू शकत नाही. मग मी तिथं कोणाची मुलं शिकवायला शिकतेय?"

काकू दारात आल्या. "मले माहीत होतं," त्या म्हणाल्या.

"काय माहीत होतं?"

"का ते चाखते. पयल्या दिवसापासून चाखते."

"मग सांगितलं का नाही, काकू?"

"कायले सांगू? तू ट्रंक घिऊन आली असती वापस." काकू आत येऊन बसल्या. "पोरगी पाह्य आंदी. मंग साड्या काढ."

आम्ही बाहेर आलो. पोरगी मांडीवर नव्हती. कंपाउंडर चुलीपाशी तसेच बसले होते. पोरगी रांगत अंगणाच्या टोकाला गेली होती, जिथे ते बाहेरून आले की वहाणा काढायचे. त्याच वहाणा, ज्या घालून ते रोज सकाळी आठवडी बाजाराच्या मोकळ्या जागेतून, गुरांच्या शेणामुतातून फिरून यायचे. तिने एक दोन्ही हातांत धरली होती आणि अंगठा अडकवायचा चामडी पट्टा आपल्या नव्या दातांनी मनापासून चावत होती.

वहिनी धावणार होती. काकूंनी तिचा हात धरला.

"रोजच खाते," काकू म्हणाल्या. "डावी आवडते तिले."

वहिनी हसायला लागली. तिला ते थांबवता येईना. खांबाला टेकून ती हसत राहिली, आणि कंपाउंडर चुलीपाशी मान खाली घालून बसून राहिले. इतकी वर्षं जंतू त्यांच्या वहाणेतून घरात येत होता आणि ते त्याला चुलीवर शोधत होते.

हसणं ओसरल्यावर तिने मुलीला उचललं, वहाण सोडवली, तोंड धुतलं. मांड्या चाचपल्या. दात पाहिले. डोळ्यांखालची पापणी ओढून पाहिली. जुलाब? एकदाही नाही. ताप? दात आले तेव्हा, एक दिवस. हे सगळं ती मला विचारत होती, पण ऐकत होते कंपाउंडर. मग ती त्यांच्यासमोर जाऊन बसली.

"काका, उद्यापासून बाटली उकळायची नाही. बाटलीच नको आता. वाटी आणि चमचा. गरम पाण्याने घासायचे आणि उन्हात पालथे घालायचे. दूध उकळायचं, प्यायचं पाणी उकळायचं, ते सोडायचं नाही. हात धुवायचे. वहाणा कुंपणाबाहेर. आणि दूध गरम आहे का ते बघायचं असेल तर मनगटावर थेंब टाका. तोंडात घालायचं नाही."

"पन तिनं इचारलं नाही अजून," ते पुटपुटले. बिचारे शेवटचा नियम धरून बसले होते.

"मी विचारलं ना," वहिनी म्हणाली. "मी विचारलं होतं. तुम्ही कोणी उत्तर दिलं नाही. आता मीच देते."

दादा शाळेतून आला तेव्हा सगळं ठरून गेलं होतं. त्याला सांगितल्यावर तो म्हणाला की तत्त्वतः हे बरोबर आहे. वहिनीने त्याच्या हातात वाटी आणि चमचा दिला आणि पोरीला त्याच्या मांडीवर ठेवलं. अर्धं दूध त्याच्या सदऱ्यावर गेलं. सुट्टी संपली तेव्हा पाव वाटी जात होतं, आणि त्या प्रगतीवर वहिनी ट्रंक घेऊन परत गेली.

तिने ट्रेनिंग पुरं केलं. आज ती झरी जामणीकडच्या एका जंगलातल्या गावात शाळा चालवते. शाळेत पिण्याचं पाणी उकळायची पाळी तिने लावून दिली आहे, एक दिवस मुली, एक दिवस मुलं. मुलांच्या बापांनी सुरुवातीला तक्रार केली. तिने त्यांचीही पाळी लावली.

पण मला सांगायचं आहे ते वहिनी परत गेली त्याच्या दुसऱ्या दिवसाविषयी. सकाळी मी उठले तर कंपाउंडर सवयीने चुलीपाशी येऊन बसले होते. जाळ पेटवला होता, गंज चढवला होता. बाटल्या फडताळात पालथ्या पडल्या होत्या. उकळायला काहीच नव्हतं. ते त्या पाण्याकडे बघत बसले होते, आणि मी त्यांना इतकं बेकार कधी पाहिलं नव्हतं.

काकू डोळे चोळत बाहेर आल्या. "काय करून राह्यले?"

"काई नाई," ते म्हणाले. "पेटलीच हाय तं म्हटलं..." पुढे काय म्हटलं ते त्यांना ठरवता येईना. मग त्यांनी चहाचा डबा मागितला. तो कुठे असतो हे त्यांना माहीत नव्हतं. मी दिला. त्यांनी पूड टाकली, गूळ टाकला, दूध टाकलं, आणि गणपतीची, देवीची, शंकराची अशा तिन्ही आरत्या सावकाश म्हटल्या. भूक लागून कोणी रडत नव्हतं, त्यामुळे घाई नव्हती. चहा काळा कडू झाला. त्यांनी तो बशीत ओतून काकूंपुढे ठेवला.

काकू पायरीवर बसल्या होत्या. त्यांनी बशीकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे.

"उकयलं काय?" त्या म्हणाल्या.

"उकयलं," ते म्हणाले. हे उत्तर आयुष्यात प्रथमच त्यांनी स्वतः दिलं होतं, आणि ते खरं होतं.

काकूंनी तो चहा शेवटच्या घोटापर्यंत प्यायला. त्यानंतर मी त्या घरात होते तोवर रोज सकाळी तो चहा झाला. चव सुधारली नाही. मागच्या उन्हाळ्यात कंपाउंडर गेले. मी भेटायला गेले तेव्हा काकू म्हणाल्या, चहाचा डबा कंपाउंडरांनी वरच्या फळीवर ठेवायला सुरुवात केली होती, तो अजून तिथेच आहे, आणि तिथवर काकूंचा हात पोचत नाही. मी काढून देते म्हणाले. नको म्हणाल्या.

मी दादाच्या पत्रकांवर वाढले, त्यामुळे शेवटी काहीतरी मागितल्याशिवाय मला थांबता येत नाही. पण मातांनो आणि भगिनींनो, तुमच्याकडे काही मागणं नाही. तुम्ही हे बाजूला ठेवा आणि थोडं पडा. बंधूंनो, तुमच्याकडे आहे. आज संध्याकाळी तुमच्या चुलीवर जे काही असेल, डाळ, दूध, तान्ह्याची बाटली, त्याच्यासमोर जी बाई बसली आहे तिला उठवा. तिच्या पाटावर तुम्ही बसा. लाकूड ओलं असेल तर फार उत्तम. उकळी येईपर्यंत उठू नका. आणि मग, डोळे पुसून झाल्यावर, तिला विचारा की किती महिने.